एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाचा विषय वर्गात शोधा

दिवाळीची सुट्टी संपली की एम.एड.ची मुलं-मुली एकेक करून माझ्या टेबलाशी यायला लागतात. हातात वही, वहीत सात-आठ शीर्षकं लिहिलेली. "मॅडम, ह्यातलं कुठलं घेऊ?" शीर्षकं सगळी एका वळणाची असतात: अमुक विद्यार्थ्यांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास, तमुक पद्धतीची परिणामकारकता. मी ती वही मिटते आणि विचारते, "तू शेवटचा पाठ कुठल्या वर्गावर घेतलास? त्या वर्गातलं कुठलं पोर अजून डोळ्यांसमोर येतं?" याचं उत्तर द्यायला कुणाला वेळ लागत नाही. त्या पोराबद्दल समोरची विद्यार्थिनी पाच मिनिटं बोलत राहते, आणि त्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा विषय सापडतो.

मी बारा वर्षं सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटक सीमेवरच्या जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. अध्ययन रजा घेऊन एम.एड. केलं, पुढे प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास झाले, आणि आता सांगलीत बी.एड. आणि एम.एड.च्या वर्गांना शिकवते. आमच्या सांगली-साताऱ्याच्या बहुतेक मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पण मी जे सांगणार आहे ते कुठल्याही विद्यापीठात उपयोगी पडेल.

एम.एड.च्या प्रवेशाचं थोडक्यात उरकते. बी.एड.च्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते, आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि उपस्थितीची अटही घातली: तासांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के. म्हणून नोकरीत असलेल्यांनी 'शनिवार-रविवार करून जमेल' असं मनात धरू नये. रजेचा अर्ज प्रवेशाच्या बऱ्याच आधी द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

आता मूळ गोष्ट.

आधी वही

विषय ठरवण्याआधी पंधरा दिवस एक वही लिहा. आंतरवासितेला (इंटर्नशिपला) शाळेत जाल तेव्हाच सुरू केलीत तर उत्तम. रोज वर्गातली एक चूक जशीच्या तशी उतरवून घ्या. मुलाने काय लिहिलं, तोंडाने काय म्हणालं, तुम्ही काय विचारलंत, त्यावर ते काय बोललं, एवढंच. स्वतःचं मत त्या पानावर लिहू नका. 'वजाबाकी कच्ची' हे मत झालं. '५२ − २७ = ३५' ही नोंद झाली.

ही नोंद माझ्याच वहीतली आहे. तिसरीचा वर्ग होता. एका मुलाची पाटी पाहिली, तर सात उदाहरणांत पाच चुका आणि पाचही एकाच जातीच्या. मी जवळ बसून म्हटलं, "मला करून दाखव." तो म्हणाला, "दोनातून सात जात नाही बाई. तुम्हीच सांगितलंय, मोठ्यातनं लहान वजा करायचं. म्हणून सातातनं दोन काढले. पाच." मग पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस. त्याने मी दिलेला नियम काटेकोर पाळला होता. पहिलीत एक अंकी वजाबाकी शिकवताना आपण सगळेच ते वाक्य बोलतो, आणि दोन वर्षांनी ते वाक्य हातच्याच्या वजाबाकीत आडवं येतं. 'गणितात कच्चा' असा शेरा मी त्याच्या प्रगतिपत्रकावर आधीच लिहून मोकळी झाले होते. तो शेरा पुढे मला फार लागला.

वहीच्या चौथ्या-पाचव्या पानावर दुसरी गोष्ट दिसायला लागली. श्रुतलेखन घेताना मी 'बावन्न' म्हटलं की काही मुलं २५ लिहीत. हे सगळ्याच मराठी शाळांत घडतं. आपल्या भाषेत बावन्न म्हणताना 'बा' म्हणजे दोन आधी कानावर पडतो आणि 'वन्न' म्हणजे पन्नास मागून येतो. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचा असतो. कान एका बाजूने जातो, हात दुसऱ्या. पण आमच्या शाळेत आणखी एक पदर होता. जतच्या पूर्वेला अर्ध्याहून अधिक मुलं घरी कन्नड बोलणारी. कन्नडमध्ये बावन्नला म्हणतात 'ऐवत्तेरडु'. ऐवत्तु म्हणजे पन्नास, एरडु म्हणजे दोन. दशक आधी, एकक नंतर, अगदी लिहितो त्याच क्रमाने. म्हणजे ही मुलं घरातून सोपा क्रम घेऊन येत होती, शाळेत आम्ही त्यांना उलटा क्रम देत होतो, आणि चुकली की त्यांना भाषा येत नाही असं म्हणत होतो.

माझा लघुशोधप्रबंध इथून निघाला: घरी कन्नड बोलणाऱ्या, मराठी माध्यमात तिसरीत शिकणाऱ्या मुलांना दोन अंकी संख्या लिहिताना संख्यानामाच्या क्रमामुळे काय होतं, आणि घरची कन्नड नावं वर्गात वापरली तर काय होतं. माझा प्रबंध झाल्यानंतर, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी रचना आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात पुष्कळ लोक हिरिरीने बोलले. मला सारखं वाटत होतं की बोलण्याआधी दहा मुलांना बावन्न लिहायला सांगून नुसतं बघावं.

शीर्षक चिमटीत धरता आलं पाहिजे

मी माझ्या गाइडसरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा शीर्षक होतं 'ग्रामीण भागातील प्राथमिक विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील अडचणींचा अभ्यास'. सरांनी चारच प्रश्न विचारले. ग्रामीण म्हणजे कुठलं गाव? विद्यार्थी कितवीतले? गणितातलं काय? अडचण तुम्ही कशावरून म्हणता? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. नंतर वहीतल्या नोंदी घेऊन गेले तेव्हा चारही उत्तरं आधीच लिहिलेली होती.

तुमच्या शीर्षकाला हेच चार प्रश्न विचारा. कोणती मुलं किंवा कोणते शिक्षक, नेमकं काय, कुठे, आणि ते कशावरून मोजणार किंवा बघणार. एका प्रश्नाचं उत्तर जरी 'सर्वसाधारणपणे' असं आलं तरी शीर्षक अजून मोठं आहे असं समजा.

'परिणामकारकता' या शब्दापाशी जरा थांबा. हा शब्द घेतला की तुम्हाला प्रयोग करावा लागतो, तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि फरक तुमच्या पद्धतीमुळेच पडला हे दाखवावं लागतं. दोन महिन्यांत, एका शाळेत, तीस मुलांवर हे नीट होईल का, ते आधी बघा. नुसतं बारकाईने पाहणं आणि नोंदवणं हेही पूर्ण संशोधन आहे. सर्वेक्षणही आहे. कृतिसंशोधनही आहे. आपल्या वर्गातल्या प्रश्नावर शिक्षकानेच उपाय करून बघायचा आणि नोंदवायचा ही वाट स्टीफन कोरी यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत शिक्षकांसाठी मांडली, आणि मला ती आपल्या शाळांना सर्वांत जवळची वाटते. तुमच्या विद्यापीठाच्या नियमांत ती लघुशोधप्रबंधाला चालते का, एवढं मात्र गाइडना विचारून घ्या.

मागच्या वर्षी एक मुलगी आली, तासगाव भागातली. तिचं शीर्षक 'स्थलांतरित मुलांच्या शैक्षणिक समस्या'. तिला वही लिहायला लावली. तिच्या आंतरवासितेच्या शाळेत ऊसतोडीवरून परतलेली एक चौथीतली मुलगी होती. तिच्या नावाची एक नोंद अशी: वर्ग मराठीच्या पुस्तकात एका धड्यावर, ही मात्र दिवाळीआधीचा धडा उघडून बसलेली, कारण तिची शाळा तिथेच थांबली होती. शिक्षकांना ते दिसलंच नाही. त्या नोंदीवरून आम्ही विषय असा केला: ऊसतोडीवरून परतलेल्या चौथीच्या मुलांना वर्गात सामावून घ्यायला शिक्षक पहिल्या तीन आठवड्यांत काय काय करतात. पाच शाळा, पाच शिक्षक, मुलाखत आणि वर्गनिरीक्षण. स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी पत्रक कागदावर कसं चालतं आणि वर्गात त्याचं काय होतं, हे तिच्या प्रबंधात इतकं स्पष्ट आलं की मला तिचा अभिमान वाटला.

आपल्या दोन जिल्ह्यांत असे विषय पायाखाली पसरलेत. बेदाण्याच्या शेडवर आई-बापांबरोबर येणारी पोरं आहेत. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या कमी पटाच्या शाळा आहेत, जिथे एकच शिक्षक एका खोलीत तीन इयत्ता घेतो आणि ते कसब कुठल्याही पाठ्यक्रमात नाही. मुलांनी स्वतः करून शिकायच्या पद्धतीसाठी गाजलेलं साताऱ्याजवळचं कुमठे बीट (शाळांचा एक गट) बघायला एके काळी राज्यभरातून शिक्षक गाड्या करून आले. ते बघून परत गेलेल्या शिक्षकाच्या वर्गात आज त्यातलं काय उरलंय, हा सुद्धा प्रश्न आहे.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं, त्याच्या नावातच 'रूरल' हा शब्द होता. खेड्यातल्या शाळेसाठी शिक्षक घडवायचा तर खेडं समजून घ्यायला हवं, हे त्या नावातच आलं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई स्वतः अध्यापनाचं प्रशिक्षण घेऊन वर्गावर उभ्या राहिल्या. आपण ज्या कामासाठी पदवी घेतोय त्या कामाची मुळं याच मातीत आहेत, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते.

आधी कोणी काय केलंय

संदर्भ साहित्यासाठी 'शोधगंगा' हे संकेतस्थळ ही पहिली जागा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही. मराठीत शोधताना एकच शब्द दोन-तीन प्रकारे टाका, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही प्रबंध हाती लागत नाही. एम.एड.चे लघुशोधप्रबंध मात्र तिथे नसतात. त्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या मागच्या कपाटाशीच बसावं लागतं.

प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नका. आधी परिशिष्ट उघडा आणि त्यांची चाचणी किंवा प्रश्नावली वाचा. मग संशोधन पद्धतीचं प्रकरण. प्रश्नच ढोबळ असतील तर निष्कर्ष कितीही भारदस्त असले तरी सोडून द्या. मराठी नियतकालिकांत 'जीवन शिक्षण', 'शिक्षण संक्रमण' आणि भारतीय शिक्षण संस्थेचं 'शिक्षण आणि समाज' यांचे जुने अंक चाळा. ही शेवटची संस्था जे. पी. नाईकांनी १९४८ साली मुंबईत सुरू केली आणि पुढे पुण्याला नेली. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शिक्षणातलं मोठं संशोधन आपल्याकडच्या माणसांनी केलेलं नाही असं ज्याला वाटतं त्याने त्यांचं काम बघावं.

दुसऱ्याचं वाक्य उचलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं तर प्रबंध दुरुस्तीला परत येतो. पण मला त्या टक्क्यांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. मी एकदा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रबंधांत एकाच शाळेचं तेच वर्णन वाचलं, झाडांच्या संख्येसकट. म्हणजे दुसरा माणूस शाळेत नीट गेलाच नव्हता.

शाळेत जाताना

महाविद्यालयाचं पत्र घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, तिची प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखांना) आणि मुख्याध्यापकांना द्या. पत्रात शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला क्रमांक) लिहा, म्हणजे कार्यालयात शाळा शोधण्यात वेळ जात नाही. पालकांची संमती त्यांच्या भाषेत घ्या. मी पहिला नमुना मराठीत केला होता. आयांनी अंगठा द्यायची तयारी दाखवली, पण वाचून कुणाला काही कळलं नव्हतं. मग एका आजींना बसवून कन्नडमध्ये सगळं सांगायला लावलं. त्या दिवशी आयांनी उलटे प्रश्न विचारले, 'मुलाचं नाव छापणार का?' असंही. तेव्हा मला वाटलं की आता ही संमती खरी. मुलाचं नाव छापायचं नाही, शाळेचंही नाही. क्रमांक द्या.

वेळेचं गणित आधी मांडा. जूनचा दुसरा पंधरवडा प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. ऑक्टोबरमध्ये सत्रपरीक्षा. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, तेव्हा शाळेत पाऊल टाकलं तर मुख्याध्यापक नाराज होतात आणि त्यांचं चुकत नाही. जतसारख्या भागात शाळूची (रब्बी ज्वारीची) काढणी सुरू झाली की वरच्या वर्गांचा पट निम्मा दिसतो. जुलै ते सप्टेंबर, नाहीतर नोव्हेंबरअखेर ते जानेवारी, एवढीच माहिती गोळा करायची खरी खिडकी.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. तुलनेसाठी मी दुसऱ्या गावातली एक शाळा घेतली होती. उपायाआधीची पूर्वचाचणी ठीक झाली. नंतरच्या उत्तरचाचणीच्या दिवशी मी वर्गात शिरले तर मुलं भराभर आणि सगळी बरोबर लिहायला लागली. मधल्या सुट्टीत कळलं, वर्गशिक्षिकेने आदल्या दिवशी तीच चाचणी दोनदा सोडवून घेतली होती. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. बाहेरून कुणी कागद घेऊन आलं म्हणजे तपासणी, आणि तपासणीत आपली मुलं मागे दिसू नयेत, एवढंच त्यांच्या मनात. चूक माझी होती. ही तपासणी नाही, यात शाळेला गुण नाहीत, मुलांच्या चुकाच मला हव्या आहेत, हे मी त्यांच्याजवळ बसून चहा पिता पिता सांगायला हवं होतं. मी फक्त पत्र दिलं होतं.

त्या शाळेची सगळी माहिती मला सोडून द्यावी लागली. तुलनेचा गटच गेला. गाइडसर म्हणाले, "घडलं तसं लिहा." मी घडलं तसं लिहिलं, आणि प्रबंधाच्या शीर्षकातून 'परिणामकारकता' काढून टाकलं.

चाचणी: पेन्सिल कुठे टेकते

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेकांचा प्रबंध इथेच हातातून जातो.

तयार चाचणी मिळाली तर ती तुमच्या प्रश्नाला लागू पडते का ते तपासा, नाहीतर स्वतः बनवा. बनवताना प्रत्येक प्रश्नापुढे समासात लिहा की या प्रश्नातून मला कुठली चूक पकडायची आहे. ते लिहिता येत नसेल तर तो प्रश्न काढून टाका. माझ्या श्रुतलेखनाच्या वीस संख्यांत मी ४४ घेतली नव्हती, कारण ती उलटी लिहिली तरी तीच दिसते. ३० आणि ५० घेतल्या नाहीत, त्यांत क्रमाचा प्रश्नच उठत नाही. ५२ आणि २५ दोन्ही घेतल्या, पण शेजारी ठेवल्या नाहीत.

मग ती चाचणी प्रत्यक्ष नमुन्यात नसलेल्या दहा-बारा मुलांना देऊन बघा. या पथदर्शी चाचणीत मला दोन गोष्टी कळल्या. माझा वेळेचा अंदाज निम्म्याने चुकला होता. आणि दुसरी गोष्ट अशी की कागदावरचं उत्तर पुरेसं नव्हतं.

एक मुलगी होती, वीसपैकी अठरा बरोबर. मी सहज तिच्या मागे उभी राहिले. मी 'त्रेसष्ट' म्हटलं. तिने आधी तीन लिहिला, त्याच्या डाव्या बाजूला जागा सोडून, आणि मग त्या जागेत सहा भरला. कागदावर ६३, पूर्ण बरोबर. पण ती उजवीकडून डावीकडे लिहीत होती. तिच्या शेजारचा मुलगा ओठ हलवत 'अरवत्तमूरु' असं कन्नडमध्ये पुटपुटला आणि सहा, तीन असं सरळ लिहून गेला. दोघांचे गुण सारखे, रीत पूर्ण वेगळी. तीन अंकी संख्या आल्या की त्या मुलीची रीत तिला अडचणीत आणणार होती, आणि माझी चाचणी तिला 'उत्तम' म्हणत होती.

त्या दिवसापासून मी गुणपत्रिकेला एक रकाना वाढवला: आधी कुठला अंक लिहिला. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून चाचणी घेतली. एका मुलाला वीस मिनिटं, चोवीस मुलं, दोन आठवडे गेले. पण प्रबंधातली सगळ्यात मोलाची माहिती त्या रकान्यातून मिळाली.

तुमचा विषय कुठलाही असो, एकदा तरी मुलाच्या मागे उभं राहून त्याचा हात बघा, आणि चाचणी झाल्यावर विचारा, "हे कसं केलंस, मला सांग बघू." 'का चुकलं?' असं विचारू नका. मूल गप्प होतं, नाहीतर तुम्हाला हवं ते बोलतं.

प्रश्नावली शिक्षकांना देणार असाल तर प्रश्न कमी ठेवा. 'आपण ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन करता का?' (म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात अशा पद्धतीने) याला शंभर टक्के शिक्षक होय म्हणतात. त्याऐवजी विचारा, 'काल गणिताच्या तासाला मुलांच्या हातात कुठलं साहित्य होतं?' उत्तर रिकामं राहिलं तर त्यातूनही काही कळतं.

उपाय म्हणून मी जे केलं ते साधं होतं. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे, आणि फळ्यावर प्रत्येक संख्येची तीन नावं एकाखाली एक: ऐवत्तेरडु, पन्नास आणि दोन, बावन्न. मुलं कन्नड नाव घेऊन गठ्ठे उचलायची आणि मराठी नाव म्हणून लिहायची. ज्या मुलांना वर्गात आपली भाषा बोलायची चोरी होती ती त्या तासाला सगळ्यांत पुढे असायची. दुसरा गट टिकला असता तर प्रयोग संपल्यावर त्यांनाही हे सगळं शिकवायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. चांगली वाटणारी गोष्ट निम्म्या मुलांपासून कायमची दूर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

आकडे

संख्याशास्त्राला घाबरून विषय बदलू नका. एम.एड.ला बहुतेकांना मध्यमान (सरासरी), प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) आणि टी परीक्षिका (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची कसोटी) एवढंच लागतं, आणि ते संगणकावरच्या साध्या तक्त्यात होतं. पण एकदा तरी हाताने करा. पाच मुलांचे गुण घेऊन केलंत तरी चालेल, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळेल.

माझी चोवीस मुलं, त्यांचीच पूर्वचाचणी आणि त्यांचीच उत्तरचाचणी. म्हणजे जोडीचे गुण, स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) चोवीसातून एक वजा, २३. टी मूल्यांच्या छापील तक्त्यात ०.०५ स्तरावर २.०६९ आणि ०.०१ स्तरावर २.८०७ अशी मूल्यं आहेत. तुमचं टी मूल्य त्याहून मोठं आलं तर फरक सार्थक. पंचवीस-पंचवीसचे दोन वेगळे गट असते तर मात्रा पन्नासातून दोन वजा, ४८, आणि तक्त्यातलं मूल्य ०.०५ ला सुमारे २.०१. एकच गट दोनदा आणि दोन वेगळे गट यांची सूत्रं वेगळी आहेत. दर वर्षी दोघं-तिघं इथे चुकतात.

सार्थक म्हणजे हा फरक केवळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता कमी, एवढंच. तो कशामुळे पडला हे टी मूल्य सांगत नाही. माझी मुलं मधल्या काळात दोन महिन्यांनी मोठी झाली होती, त्यांनी तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली होती, आणि मी त्यांच्याजवळ एकेकट्याजवळ बसले होते. हे तिन्ही मी मर्यादांमध्ये लिहिलं. निष्कर्षात 'सदर चोवीस विद्यार्थ्यांमध्ये' असे शब्द ठेवले. 'महाराष्ट्रातील सर्व शाळांमध्ये ही पद्धत अवलंबावी' अशी शिफारस चोवीस मुलांच्या खांद्यावर ठेवू नका.

लिहिणं

प्रकरणं पाच: प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचं विश्लेषण, निष्कर्ष आणि शिफारशी. लिहायला सुरुवात तिसऱ्यापासून करा, कारण ते तुम्ही नुकतंच केलेलं असतं. प्रस्तावना शेवटी. प्रस्तावनेत 'शिक्षण हा मानवाचा तिसरा डोळा आहे' अशी वाक्यं मी खोडते. त्या जागी वहीतली नोंद घाला.

मुलांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत छापा. 'मोठ्यातनं लहान' याचं प्रमाण मराठी करू नका.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. डीटीपीच्या दुकानात अजून जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, साम्य तपासता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात दोनशे पानं पुन्हा टाइप करावी लागतात. फोनवर मराठी लिहिता येत असेल तर तुम्ही संगणकावरही लिहू शकता. फाइलच्या प्रती पेनड्राइव्हवर आणि मेलवर ठेवा. मूळ उत्तरपत्रिका व्हायवा (तोंडी परीक्षा) होईपर्यंत गठ्ठा बांधून घरात उंचावर ठेवा. सांगलीत नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांना हे 'उंचावर' मी मुद्दाम सांगते. २०१९ च्या पुराने कागद काय झाले ते सगळ्यांनी पाहिलंय.

व्हायवा

बाहेरचे परीक्षक साधारण हेच विचारतात: हाच विषय का, हीच मुलं का, ही चाचणी कशी बनवली, काय चुकलं. ज्याने काम स्वतः केलंय त्याला पाठांतर लागत नाही. मला विचारलं गेलं, "दुसऱ्या शाळेचे आकडे तुम्ही काढून का टाकले? ते घेतले असते तर तक्ता पूर्ण दिसला असता." मी घडलेलं सांगितलं. परीक्षकांनी पुढची दहा मिनिटं फक्त त्या पेन्सिलच्या रकान्याबद्दल विचारलं.

प्रबंध जमा करून थांबू नका. विद्यापीठ आणि महाविद्यालय मागेल तेवढ्या प्रती द्याच, पण एक प्रत त्या शाळेला द्या, आणि दोन पानांचा साध्या मराठीतला सारांश काढून त्या शाळेच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) दहा मिनिटं मागून घ्या. मी तशी गेले होते. काड्यांचे गठ्ठे आणि तीन नावांचा तक्ता सोबत नेला होता. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरून एक वयस्क गुरुजी उभे राहिले. "बाई, बावन्नचं समजलं. पण एकोणसाठचं काय करता? त्यात पाचही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. माझी पोरं ६१ लिहितात."

माझ्या वीस संख्यांत एकोणसाठ नव्हती, एकोणतीस नव्हती, एकही 'एकोण' नव्हती. गुरुजींना मी तसं सांगितलं, त्यांच्या वर्गात कधी येऊ ते विचारलं, आणि त्यांनी दिलेली तारीख नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.